टॉप सर्जरीचे पैसे मी कुठून आणि कुठल्या नावाने उभे केले

टॉप सर्जरी, म्हणजे ट्रान्समॅनची छाती काढून सपाट करायचं ऑपरेशन, त्याला किती खर्च येतो हे मला हल्ली कोणी ना कोणी विचारतंच, बहुतेक वेळा रात्री साडेअकरानंतर मेसेज येतो आणि सुरुवात "दादा एक विचारायचं होतं" अशी असते. आकडा सांगायला मला काही प्रॉब्लेम नाही, पण नुसता आकडा सांगितला की समोरचा एकतर "बापरे" म्हणून गप्प होतो नाहीतर "एवढंच ना" म्हणतो, आणि दोन्हीतून त्याला काही कळलेलं नसतं. कारण रक्कम मोठी आहे ही निम्मीच अडचण. उरलेली निम्मी अशी की जिथून जिथून पैसे मिळण्यासारखे होते तिथे प्रत्येकाला आधी नाव हवं होतं, आणि कागदावरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस ह्यांचा मेळ बसत नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी घणसोलीचा, सिम्प्लेक्सचा. वडील माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आयुष्य गेलं, गाव जावळीत. मी महापेला एका कंपनीच्या बॅकऑफिसला आहे, पगार सांगण्यासारखा नाही पण नोकरी पर्मनंट. मी ट्रान्समॅन, म्हणजे जन्माच्या कागदावर मुलगी पण आहे पुरुष, २०२१ पासून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू आहे. आतून काय वाटतं, लहानपणी काय वाटायचं ह्यावर मी लिहिणार नाही, ते छान लिहिणारे पुष्कळ आहेत. मे महिन्यात कडक बाइंडर (छाती दाबून सपाट ठेवणारं घट्ट बनियन) घालून ठाणे-वाशी लोकलला उभं राहिलं की काय होतं एवढं ज्याला माहिती आहे त्याला बाकीचं सांगायची गरज नाही.

पहिला खर्च हॉस्पिटलचा नसतो, पत्रांचा असतो. सर्जन लोक मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागतात, आणि आपल्याकडे बरेच जण अजूनही दोन वेगवेगळ्या डॉक्टरांची दोन पत्रं मागतात. ट्रान्स लोकांच्या उपचारासाठी जगभर डॉक्टर जे स्टँडर्ड्स ऑफ केअर (मार्गदर्शक नियम) वापरतात त्याची आठवी आवृत्ती २०२२ मध्ये आली, त्यात मोठ्या माणसाला एक पत्र पुरे म्हटलंय, पण ते मी सर्जनसमोर वाचून दाखवणार होतो का, नाही. दोन तर दोन. खाजगीत एका सिटिंगचे पंधराशे, आणि पहिल्याच सिटिंगला पत्र कोणी देत नाही. पैसे वाचवायला मी एक पत्र सरकारी ओपीडीतून काढायचं ठरवलं, तिथे केसपेपर दहा रुपयांचा, डॉक्टर मॅडमही चांगल्या होत्या, पण ओपीडी सकाळची आणि माझी शिफ्टही सकाळची, म्हणजे दर खेपेला एक रजा, आणि रजा संपल्यावर पगार कापून. हिशोब मांडला तर दहा रुपयाचा केसपेपर खाजगी सिटिंगच्या जवळपास जात होता. मग तुम्ही म्हणाल खाजगीतच का नाही गेलास, तर दहा रुपये खिशातून आज जातात आणि कापलेला पगार पुढच्या महिन्यात दिसतो, ज्याच्याकडे आज पंधराशे नसतात तो हेच करतो.

सर्जरीपण सरकारीतच करावी हा विचार केला होता. बीडचे ललित साळवे, महाराष्ट्र पोलीस, त्यांचं लिंगबदलाचं ऑपरेशन २०१८ साली मुंबईत सेंट जॉर्ज हॉस्पिटलला झालं होतं, तेव्हा पेपरात रोज बातम्या यायच्या आणि मी त्या घरात कोणी नसताना वाचायचो. त्यामुळे सरकारी हॉस्पिटलात हे होऊ शकतं हे डोक्यात पक्कं होतं. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्लास्टिक सर्जरी विभागात गेलोसुद्धा. तिथे कोणी वाईट बोललं नाही हे मुद्दाम सांगतो. पण भाजलेले, ॲक्सिडेंटचे, कॅन्सरचे पेशंट रांगेत, त्यांच्यापुढे माझा नंबर कधी लागणार हे कोणालाच सांगता येईना, आणि ॲडमिट केलं तर पुरुष वॉर्ड की महिला वॉर्ड ह्यावर दोन सिस्टरांची माझ्यासमोरच चर्चा झाली. दाढीवाल्या माणसाला बायकांच्या वॉर्डात ठेवणार कसं आणि कागदावर बाई लिहिलेल्या पेशंटला पुरुषांच्या वॉर्डात ठेवणार कसं. त्यांचाही नाइलाजच होता. मी तिथून निघालो आणि खाजगीची कोटेशन गोळा करायला लागलो.

कोटेशन ही एक वेगळीच दुनिया आहे. वाशीला एक लाख ऐंशी, अंधेरीला दोन चाळीस, ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला एक पंचावन्न. सगळे "पॅकेज" म्हणतात पण पॅकेजमध्ये काय आहे ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. वाशीच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात जीएसटी १८ टक्के असं होतं, म्हणजे वरचे बत्तीस हजार चारशे. मला वाटायचं दवाखान्याला जीएसटी नसतो. माझा शाळेतला मित्र सीएकडे आर्टिकलशिप करतो, त्याने सांगितलं की उपचाराला नसतो पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीला असतो, फक्त जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा इजा झाल्यामुळे बिघडलेला अवयव नीट करायचा असेल तर माफ. आता माझं ऑपरेशन ह्यातलं काय? वाशीवाल्यांच्या काउंटरवर ते सरळ कॉस्मेटिक, म्हणजे हौस. मी त्यांना म्हटलं अहो दोन मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतायत की ह्याला हे गरजेचं आहे, हौसेला कोणी अशी पत्रं मागतं का? नाक सरळ करायला येणाऱ्याकडे मागता का पत्र? काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या सिस्टीममध्ये हाच कोड येतो सर. सर म्हणाल्या, तेवढं एक समाधान. ठाण्यातल्या सर्जननी जेंडर डिसफोरियाचं (शरीर आणि आतली ओळख जुळत नसल्याच्या त्रासाचं) निदान लिहून उपचार म्हणूनच बिल केलं, जीएसटी लागला नाही. एकच ऑपरेशन, खाडीच्या अलीकडे हौस आणि पलीकडे उपचार.

आता इन्शुरन्स. आमच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, तीन लाखांचा. पॉलिसीचं पीडीएफ उघडून मी शोधलं आणि सापडलं, एक्सक्लुजन कोड शून्य सात, चेंज ऑफ जेंडर ट्रीटमेंट्स, शरीराची लक्षणं विरुद्ध लिंगाची करण्यासाठी केलेला कुठलाही उपचार, सर्जरी धरून, कव्हर नाही. हे एका कंपनीचं नाही बरं का, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयनेच वगळायच्या गोष्टींची ठरावीक भाषा करून दिली आहे, त्यातलाच हा एक कोड आहे, जो कोणी मेडिक्लेम विकतो तो हे वाक्य जसंच्या तसं छापू शकतो. आणि २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा, जो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, त्याच्या कलम १५ मध्ये काय लिहिलंय तर सरकारने सर्जरी, हार्मोन आणि लेझरचा खर्च भागेल अशी सर्वसमावेशक विमा योजना करावी. म्हणजे एका सरकारी कागदावर विमा द्या लिहिलंय आणि दुसऱ्यावर वगळलं तरी चालेल लिहिलंय आणि दोन्ही कागद आपापल्या जागी अगदी कायदेशीर आहेत.

हे दोन्ही प्रिंट काढून मी एचआरच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाल्या कंपनीने ठरवलं आणि जास्तीचा प्रीमियम भरला तर ग्रुप पॉलिसीत हे घालून घेता येतं, पण रिन्युअल एप्रिलला असतं आणि असं मागणारा तू पहिलाच आहेस. मग हळूच विचारलं, तुला पुढे ते गर्भाशयाचं पण करायचं असेल ना, त्यात फायब्रॉइड वगैरे निघालं तर ते कव्हर होतं. त्यांनी मदत म्हणूनच सांगितलं, मला माहिती आहे. पण म्हणजे मला माझ्याच शरीरात एखादी गाठ निघावी अशी आशा धरायची, तेही बाईच्या नावाने क्लेम टाकून. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो आणि कँटीनला जाऊन दोन कटिंग प्यायलो.

आयुष्मान भारत टीजी प्लस ह्या ट्रान्सजेंडर लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेबद्दलही सगळे विचारतात म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचा करार झाला, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर, त्यात सर्जरी आणि हार्मोनपण. अट अशी की नॅशनल पोर्टलवरून काढलेलं ट्रान्सजेंडर ओळखपत्र पाहिजे. मी दोन हॉस्पिटलांच्या योजना काउंटरवर जाऊन विचारलं. एका ठिकाणी मुलाने गूगल केलं आणि मलाच वाचून दाखवलं. दुसऱ्या ठिकाणी "तृतीयपंथीयांचं ना, पण तुम्ही तर जेंट्स आहात" असं उत्तर मिळालं. ट्रान्समॅन हा प्रकार बऱ्याच लोकांच्या डोळ्यासमोर येतच नाही, त्यांना साडी आणि टाळी दिसल्याशिवाय फॉर्म पुढे सरकवता येत नाही. मी काही योजनेची वाट बघत बसलो नाही. केरळचा एक ट्रान्समॅन ओळखीचा झालाय, त्यांच्याकडे राज्य सरकार ट्रान्समेनना ५ लाखांपर्यंत आणि ट्रान्सवुमनना (जन्माच्या कागदावर मुलगा पण बाई असलेल्यांना) अडीच लाखांपर्यंत सर्जरीसाठी मदत देतं, तो बोलायला लागला की मी विषय बदलतो.

बँक. पर्सनल लोन मिळण्याएवढा पगार होता, सिबिल बरा होता, ॲपवर अप्रूव्हलसुद्धा आलं. मग व्हिडिओ केवायसी. समोरच्या मुलीने आधारवरचा फोटो बघितला, मला बघितलं, म्हणाली सर ज्यांचं लोन आहे त्या मॅडमना बोलवा. मी म्हटलं मीच आहे. म्हणाली सर असं चालत नाही, आणि कॉल कट. परत लावला तर दुसरा मुलगा, त्याने ऐकून घेतलं, सॉरी पण म्हणाला, पण फोटो जुळत नाही असा शेरा मारून केस बंद केली. मित्र म्हणाले त्या दहा मिनिटांत लोन देणाऱ्या ॲपवरून घे. त्यांना फोटोशी देणंघेणं नसतं हे खरं, पण आमच्या गल्लीतला एक पोरगा त्या ॲपवाल्यांच्या फोनमुळे नंबर बदलून गावी गेलाय, त्यामुळे ते दार मी उघडलंच नाही. क्राउडफंडिंगचं पण तेच. फोटो टाका, स्टोरी टाका, जितकं रडाल तितके पैसे, आणि ती लिंक संध्याकाळपर्यंत जावळीच्या भावकीच्या ग्रुपवर. नको.

उरला पीएफ. आणि हा भाग नीट वाचा कारण इथे मला एका सीनियर ट्रान्समॅन दादाने वेळेवर सांगितलं होतं म्हणून वाचलो. त्याचं म्हणणं, आधार बदलायच्या आधी पीएफ काढ. सगळ्यांना घाई असते गॅझेट करून (नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून) आधारवर नवीन नाव आणायची, मलाही होती, गॅझेटचा फॉर्म भरून तयार होता. पण तेव्हा आधारवर नाव बदललं की यूएएनवरचं (पीएफच्या खातेक्रमांकावरचं) जुनं नाव जुळायचं नाही, मग जॉइंट डिक्लरेशन (नाव दुरुस्तीचा अर्ज), मग ते कंपनीने मंजूर करायचं, मग पीएफ ऑफिसने, तोपर्यंत तुमचेच पैसे तुम्हाला दिसायचे आणि काढता यायचे नाहीत. मी काढले तेव्हा आजारपणाच्या ॲडव्हान्सचा नियम असा होता की सहा महिन्यांचं बेसिक किंवा खात्यात जमलेला आपला स्वतःचा हिस्सा, दोन्हीत जे कमी असेल ते. बेसिक चौदा हजार, म्हणून चौऱ्याऐंशी हजार मिळाले. ऑनलाइन, कागद न जोडता, आधारच्या ओटीपीवर. कॅमेरा नाही, फोटो नाही, मॅडमना बोलवा नाही. जे नाव मला नको होतं त्याने जाता जाता चौऱ्याऐंशी हजार मिळवून दिले, तक्रार नाही.

बाकीच्या पैशासाठी घरी बोलावं लागलं. आईला माहिती होतं, आप्पांना, म्हणजे वडिलांना, माहिती होतं पण आमच्यात त्या विषयावर बोलणं नव्हतं, माझा आवाज बदलला तेव्हा त्यांनी फक्त "घसा धरलाय का" एवढंच विचारलं होतं. आईने तिची भिशी आधी उचलली, तीस हजार, तिच्या ग्रुपमधल्या बायकांशी नंबर बदलून. मग एका रविवारी आप्पाच म्हणाले, "किती कमी पडत्यात?" मी म्हटलं सत्तर. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पतपेढीचा फॉर्म घेऊन आले. त्यात कर्जाचं कारण असा रकाना असतो, लोक घरदुरुस्ती नाहीतर लग्न लिहितात, पोरीचं लग्न लिहिलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. त्यांनी औषधोपचार लिहिलं.

इथपर्यंत ठीक, पण पतपेढीला दोन जामीनदार लागतात आणि जामीन म्हणजे मार्केटात आप्पांबरोबर काम करणाऱ्या टोळीतलीच माणसं. मुकादमाने विचारलं काय झालंय पोरीला, आप्पा म्हणाले छातीचं ऑपरेशन हाय. खोटं एक अक्षर नाही ह्यात. पण मार्केटमध्ये छातीचं ऑपरेशन आणि बाईमाणूस म्हटलं की लोक एकच गोष्ट समजतात. आठवड्याभरात आमच्याकडे शहाळी यायला लागली. चुलत आत्या गोंदवल्याचा अंगारा घेऊन आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली, मी आतल्या खोलीत बसून ऐकतोय. टोळीने आपापसात पैसे गोळा करून पाकीट पाठवलं. आता काय करायचं? कॅन्सर नाही म्हणावं तर मग काय आहे ते सांगावं लागणार. आप्पांनी पाकीट परत केलं, म्हणाले कर्ज मंजूर झालंय, गरज नाही, एखाद्याला लागलं तर त्याला द्या. शहाळी मात्र आम्ही प्यायलो. लोकांनी कॅन्सर समजून जेवढं दिलं असतं त्याच्या निम्मंही खरं कारण सांगून मिळालं नसतं हे मला माहितीये, आणि आप्पांनाही माहिती असणार, त्याशिवाय त्यांनी ते पाकीट इतक्या पटकन परत दिलं नसतं.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डबल इन्सिजन (दोन्ही बाजूंना छेद देऊन), सकाळी आत घेतलं, दुपारी वॉर्डात, रात्र काढून दुसऱ्या दिवशी दोन ड्रेन (जखमेतलं पाणी काढायच्या नळ्या) लावून घरी. दुखतं, पण बाइंडरपेक्षा कमी. मी स्वतंत्र खोली घेतली कारण जनरल वॉर्डाचा तोच जेंट्स-लेडीज घोळ इथेही होता, आणि त्या खोलीचा फरक पॅकेजच्या बाहेर. हेही धरा, ट्रान्स माणसाला स्वस्तातला बेड परवडतो पण मिळत नाही.

आणि मग ते पॅकेजबाहेरचं. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या, ईसीजी, फिटनेस. काढलेला भाग बायोप्सीला जातो त्याचं वेगळं बिल. कॉम्प्रेशन वेस्ट (जखमेवर दाब देणारं घट्ट जॅकेट) दोन, कारण एक धुवायला टाकला की दुसरा लागतो. जखम भरल्यावर व्रणावर लावायच्या सिलिकॉनच्या पट्ट्या, ह्या तर इतक्या महाग आहेत की मी एकेक पट्टी धुऊन धुऊन वापरली. ड्रेसिंगला घणसोलीहून घोडबंदर, लोकलने धक्के खात जाऊ शकत नाही म्हणून दर वेळी कॅब. आणि ह्या सगळ्यापेक्षा मोठी बिनपगारी रजा. एक पंचावन्नचं पॅकेज दोन लाखांच्या वर गेलं. पीएफ, पतपेढी, भिशी मिळून एक चौऱ्याऐंशी, वरचं क्रेडिट कार्डावर.

तरी माझं स्वस्तात झालं. तुर्भ्याची एक ताई आहे, ट्रान्सवुमन, तिच्याशी हिशोब ताडून बघितला तेव्हा मी गप्पच झालो. तिला पतपेढी नाही, पीएफ नाही, घर तर पंधराव्या वर्षीच सुटलं. तिचं ऑपरेशन तृतीयपंथीयांच्या घराण्यातल्या तिच्या गुरूच्या पैशाने झालं आणि ते पैसे तिने सिग्नलवर मागून फेडले, व्याजासकट, ऑपरेशननंतर पुरते टाके सुकायच्या आत ती परत वाशीच्या सिग्नलला उभी होती. चेहऱ्याच्या लेझरच्या सिटिंगा तर अजून चालूच आहेत, पैसे असले की जाते, नसले की दाढी करून पावडर लावते. बँकेने तिचं केवायसी नाकारलं वगैरे प्रश्नच आला नाही, तिचं खातंच नव्हतं. कर्ज मिळायलासुद्धा आधी बरंच काही असावं लागतं.

ऑपरेशन झाल्यावर मग कागद. ट्रान्सजेंडर ओळखपत्रासाठी नॅशनल पोर्टलवर अर्ज टाकला, नोटरीचं ॲफिडेव्हिट जोडलं, तेव्हा ह्या पहिल्या सर्टिफिकेटला मेडिकल तपासणी लागत नव्हती आणि फी पण नव्हती, नियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत द्यायचं होतं. घणसोली नवी मुंबईत असली तरी जिल्हा ठाणे, त्यामुळे माझा अर्ज ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसकडे. खारघरचा मित्र माझ्यापासून अर्ध्या तासावर राहतो पण तो रायगडात, त्याचा अर्ज अलिबागला. नंतर त्याच २०१९ च्या कायद्याच्या कलम ७ खाली पुरुष असं लिहिलेलं सुधारित सर्टिफिकेट, त्याला मात्र ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलचं पत्र लागलं. म्हणजे पुरुष हा शब्द सरकारकडून हवा असेल तर आधी दोन लाख उभे करा. ज्याला सर्जरी परवडत नाही किंवा नकोच आहे त्याच्या कार्डावर ट्रान्सजेंडर, आणि ज्याने पैसे भरले त्याच्या कार्डावर पुरुष. २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने लिंगओळख मान्य करायला सर्जरीची अट घालू नका म्हटलं होतं, ते आठवून मी जास्तच वैतागतो.

आधार, पॅन, पीएफ, सगळ्यावर आता एकच नाव आहे. एप्रिलच्या रिन्युअलला एचआर मॅडमनी खरंच विषय काढला होता, प्रीमियमचा आकडा बघून वरच्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं. पतपेढीचा हप्ता मी दर महिन्याला आप्पांच्या हातात देतो, अजून वर्षभर जाईल. त्यानंतर हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय काढायचं ऑपरेशन. त्याची दोन कोटेशन आत्ताच आणून ठेवलीत, आणि ह्या वेळी आधी तीनच गोष्टी विचारल्या, जीएसटी लावणार का, बायोप्सी पॅकेजमध्ये धरली आहे का, आणि बेड कुठल्या वॉर्डात देणार. पहिल्या दोनांची उत्तरं लेखी मिळाली आहेत.